विश्वास आणि विश्वस्त

संस्थेची वार्षिक सभा संपत आलेली असते. अहवाल वाचून झालेला असतो, टाळ्या वाजलेल्या असतात आणि मागच्या बाकांवर चहाचे पेले खुळखुळू लागलेले असतात. अशा वेळी अध्यक्ष उभे राहून विचारतात, "पुढील वर्षाच्या मंडळासाठी कोणी नावे देता का?" आणि क्षणापूर्वी गजबजलेली खोली एकाएकी गप्प होते. कोणाला शेवटची बस आठवते, कोणी पिशवीत चष्मा शोधू लागतो, कोणी शेजाऱ्याचे नाव सुचवून स्वतः मोकळा होतो. खेळाच्या संस्थांत तर हे दृश्य हटकून दिसते. आपल्या समाजात अकरा खेळाडू मिळतात, पंच मिळतो, मुलांसाठी घरून वडे तळून आणणाऱ्या माता मिळतात. मिळत नाहीत ते विश्वस्त. "लष्कराच्या भाकऱ्या कोणी भाजाव्या?" असे म्हणून आपण सारे हात झटकतो.

ह्या लेखात मला ह्या न मिळणाऱ्या माणसांविषयी लिहावयाचे आहे. मी शिक्षिका आहे, खेळाडू नाही. तथापि खेळाशी निगडित एका लहान धर्मादाय संस्थेत मी काही वर्षे जबाबदारीच्या जागी बसले होते आणि तेथे माझ्या हातून एक चूक घडली. ती पुढे सांगेनच. आधी ह्या जागेचे महत्त्व पाहू.

खेळासाठी दानधर्म कशाला, असा प्रश्न काही वडीलधारी मंडळी अजूनही विचारतात. भुकेल्याला अन्न द्यावे, आजाऱ्याला औषध द्यावे. चेंडूला पैसे कशाला? ह्याचे उत्तर ह्याच देशात, रामत गन येथे सापडते. १९५० च्या सुमारास येथे पोलिओची साथ पसरली आणि शेकडो मुले अधू झाली. त्यांच्यासाठी १९५२ साली 'इलान' ही संस्था उभी राहिली. शाळेतील मुले घरोघरी हिंडून तिच्यासाठी पैसे गोळा करीत. पुष्कळ घरांत त्या दारावरच्या थापेची आठवण आहे. पुढे ह्याच संस्थेच्या आश्रयाने रामत गन येथे अपंगांसाठी क्रीडाकेंद्र झाले. पोहण्याच्या तलावात आणि चाकाच्या खुर्चीवरील बास्केटबॉलमध्ये त्या मुलांना औषधाने न मिळालेली उमेद मिळाली. नोव्हेंबर १९६८ मध्ये अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धा ह्या देशात भरल्या. २८ देशांचे सुमारे ७५० खेळाडू आले होते आणि भारताचा चमू त्यात प्रथमच उतरला होता. त्या चमूत सांगली जिल्ह्यातील पेठ गावचा एक मराठी जवान होता, मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे शरीर कमरेखाली अधू झाले होते. येथे ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ह्या वाटचालीत क्रिकेटपटू विजय मर्चंट ह्यांच्या संस्थेचा त्यांना आधार मिळाला. वर्तमानपत्रात छायाचित्र छापले जाते ते पदकाचे. परंतु त्या पदकाच्या मागे कोठेतरी एका खोलीत चार माणसे बसलेली असतात, एका अनोळखी जवानाच्या तिकिटाचा खर्च मंजूर करतात आणि त्याची नोंद वहीत करून ठेवतात. त्यांनाच विश्वस्त म्हणावयाचे.

विश्वस्त म्हणजे मालक नव्हे, आणि नोकरही नव्हे. दुसऱ्याच्या पैशाची, आणि त्याहून अधिक दुसऱ्याच्या हेतूची राखण करणारा तो विश्वस्त. आपल्या समाजाला ही कल्पना नवी नाही. कोकणात आणि मुंबईत आपल्या प्रत्येक मंडळीत मुकादम होता, चौगुले होते, पैसा सांभाळणारा गब्बाई होता. मुंबईच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, ज्याला आता महाराष्ट्राचे नाव आहे, आपल्या सिनेगॉगांचे विश्वस्त धर्मादाय आयुक्तांपुढे हिशेब ठेवीत आले आहेत. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांच्या आत कळवावे लागते, हे तिकडे काम केलेल्यांना चांगले ठाऊक आहे. प्रश्न असा की ह्या जागेकडे आपण मान म्हणून पाहतो की काम म्हणून?

काम म्हणून पाहिले तर काय होते, ह्याचा एक दाखला कॅनडाचा आहे. टेरी फॉक्स हा तेथील एक तरुण. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयात त्याने लहान मुलांचे हाल पाहिले आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा उभा करावयाचे ठरविले. १२ एप्रिल १९८० रोजी तो देशाच्या पूर्व टोकाहून कृत्रिम पायावर धावू लागला. १४३ दिवस तो धावला. ५,३७३ किलोमीटर अंतर त्याने तोडले. १ सप्टेंबरला कर्करोग फुप्फुसात पसरल्यामुळे त्याला थांबावे लागले आणि २८ जून १९८१ रोजी, बावीस वर्षांचा असताना, तो वारला.

तो थांबला तेव्हा त्याला तार करणाऱ्यांत एक यहुदी गृहस्थ होते: इसादोर शार्प, मोठ्या हॉटेल कंपनीचे संस्थापक. १९७८ साली त्यांचा स्वतःचा मुलगा कर्करोगाने गेला होता. तुझ्या नावाने दरवर्षी एक धाव भरवीत राहू, असे वचन त्यांनी टेरीला दिले. सप्टेंबर १९८१ मध्ये पहिली धाव झाली, तीत तीन लाख लोकांनी भाग घेतला आणि ३५ लाख डॉलर जमा झाले. परंतु टेरीने आपल्या हयातीतच काही अटी घातल्या होत्या. ह्या धावेत पहिला-दुसरा नंबर असू नये, आणि त्याच्या नावावर कोणी आपला माल विकू नये. विचार करा, नाव एवढे मोठे झाल्यावर किती व्यापारी दाराशी आले असतील! प्रत्येक जण म्हणाला असेल, "पैसे चांगल्या कामालाच जाणार आहेत ना?" हा युक्तिवाद फार गोड असतो. १९८८ साली टेरीच्या नावाची संस्था स्वतंत्र झाली. टेरीच्या आईने आणि भावंडांनी त्याच्या अटी सोडल्या नाहीत. जमलेली रक्कम आज कोट्यवधी डॉलरांच्या घरात आहे आणि धाव आजही सर्वांना खुली आहे. गेलेल्या मुलाचा शब्द आपल्या सोयीपेक्षा मोठा मानणे, हे मला विश्वस्तपणाचे उत्तम उदाहरण वाटते.

दुसरे उदाहरण ह्याच्या उलट आहे. अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग कर्करोगातून बरा झाला आणि १९९७ साली त्याने रुग्णांच्या मदतीसाठी संस्था काढली. पुढे १९९९ ते २००५ ह्या काळात फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत तो सात वेळा जिंकला. २००४ पासून एक डॉलरला मिळणारे त्याच्या संस्थेचे पिवळे कडे कोट्यवधी लोकांनी मनगटावर घातले. ह्या संस्थेने असंख्य रुग्णांना खरोखर मदत केली, हे नि:संशय. परंतु संस्थेचा संस्थापक तोच, अध्यक्ष तोच, आणि चेहराही त्याचाच. ऑक्टोबर २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या सेवनाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात त्याला अध्यक्षपद सोडावे लागले आणि पुढच्या महिन्यात मंडळही. संस्थेने आपल्या नावातून त्याचे नाव काढून टाकले. जानेवारी २०१३ मध्ये त्याने स्वतः कबुली दिली. संस्था बुडाली नाही, तिचे काम चालू राहिले. पण जिने रुग्णांना आधार द्यावयाचा तिलाच आधार शोधण्याची पाळी आली. तिच्या पैशाचा अपहार झाला असे मी म्हणत नाही. मला एवढेच दिसते की, जी संस्था एकाच माणसाच्या खांद्यावर उभी असते ती त्याच्याबरोबरच धडपडते.

आणि हे घडण्यासाठी तो माणूस वाईटच असावा लागतो असे नाही. चांगल्या माणसाच्या बाबतीतही हेच घडते. आता मी माझी गोष्ट सांगते.

आमच्या गावी काही वर्षांपूर्वी मुलांसाठी खेळाची एक छोटी 'अमुता' होती. गावाचे आणि संस्थेचे नाव येथे लिहीत नाही. दुपारी शाळा सुटली की आईबाप कामावर असलेली मुले मैदानावर येत, क्रिकेट खेळत, धावत. ज्यांना परवडत नसे त्यांच्याकडून वर्गणी घेत नसत. बूट आणि सामन्याला जाण्याची बस हा खर्च देणग्यांतून आणि नगरपालिकेच्या, म्हणजे आपल्या 'इरिया'च्या अनुदानातून भागे. हे सारे एक वृद्ध गृहस्थ पाहत. तरुणपणी ते उत्तम गोलंदाज होते. सारा गाव त्यांना अंकल म्हणे. मैदानाची किल्ली त्यांच्या खिशात, बँकेचे पुस्तक त्यांच्या कपाटात आणि खर्चाच्या पावत्या एका निळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत.

ह्या देशात अशा संस्थेला १९८० चा अमुतांचा कायदा लागू आहे. त्यापूर्वी उस्मानी अमदानीतील १९०९ चा कायदा चाले. कायद्याप्रमाणे संस्थेचे कार्यकारी मंडळ असते, त्याला 'वाअद' म्हणतात. आपल्या मराठी कानांना तो 'वाद' ऐकू येतो, आणि पुष्कळ ठिकाणी दोहोंत फारसे अंतरही नसते! मंडळावर नजर ठेवण्यासाठी निराळी तपासणी समिती असते, ती 'वाअदत बिकोरेत'. मंडळात बसलेल्याला ह्या समितीत बसता येत नाही. दरवर्षी हिशेब व अहवाल अमुतांच्या निबंधकाकडे द्यावा लागतो, आणि कारभार नीट चालला असल्याचे 'निहूल ताकीन' प्रमाणपत्र मिळाल्यावाचून सरकारी मदतीचा दरवाजा उघडत नाही.

अंकलनी मला तपासणी समितीवर यावयास सांगितले. "बाई, तुम्ही वह्या तपासता, तुम्हाला काय कठीण?" असे म्हणाले. मी हो म्हटले. तीन वर्षे ते कागद घेऊन घरी येत. मी चहा करी, ते मुलांच्या गमती सांगत आणि मी सही करी. मी एकदाही ती निळी पिशवी उघडावयास सांगितली नाही. माझ्या वर्गातील मुलाने गणिताचे नुसते उत्तर लिहिले आणि रीत दाखविली नाही तर मी त्याचे गुण कापते. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला "पावती दाखवा" म्हणणे मला उद्धटपणाचे वाटले. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

चौथ्या वर्षी अंकलना अर्धांगाचा झटका आला. महिनाभर त्यांना बोलता येत नव्हते. मग एकेक गोष्ट बाहेर आली. बँकेत सही करण्याचा अधिकार असलेले दुसरे सभासद दोन वर्षांपूर्वीच गाव सोडून गेले होते आणि ती जागा कोणी भरली नव्हती. अहवाल वेळेवर गेला नाही. प्रमाणपत्र अडले, अनुदान थांबले. बस बंद झाली. मग संध्याकाळचे मैदान दुसऱ्या गटाला मिळाले. माझ्या वर्गात एक मुलगी होती, वाऱ्यासारखी धावणारी. ती तासाला खिडकीबाहेर बघत बसू लागली. तिला मी काय सांगणार होते? तुमच्या बाईंनी न वाचता सह्या केल्या म्हणून तुझे धावणे थांबले?

त्याहून वाईट ते पुढेच. गावात कुजबूज सुरू झाली. पैसे गेले कोठे? अंकलच्या पत्नी बाजारात जात तेव्हा लोक बोलणे थांबवीत. बिछान्यावर पडलेल्या माणसाला स्वतःची बाजूही मांडता येत नव्हती.

शेवटी आम्ही तिघींनी ती पिशवी उघडली. चार वर्षांच्या पावत्या जेवणाच्या टेबलावर महिन्यांप्रमाणे मांडल्या. काहींवरची शाई उडून गेली होती. हिशेबतपासनीसाच्या मदतीने सारे जुळवावयास आठ महिने लागले. हिशेब पूर्ण झाला तेव्हा असे दिसले की एक शेकेलही कोणी खाल्ला नव्हता. उलट संस्थाच अंकलचे देणे लागत होती. अनुदान यावयास उशीर झाला की ते स्वतःच्या निवृत्तिवेतनातून बसचे पैसे भरीत आणि कोणाला सांगत नसत.

तो कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेले. बोलणे तोवर थोडे परत आले होते. त्यांनी कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि अडखळत म्हणाले, "बाई, तुम्ही एकदा तरी विचारायचं होतंत."

एवढेच. त्यात राग नव्हता. पण त्या दिवशी मला कळले की मी ज्याला आदर समजत होते तो आळस होता, संकोचाचे वस्त्र पांघरलेला. मी दरवर्षी पिशवी उघडली असती तर अंकलना त्यांचे पैसे वेळेवर मिळाले असते. बँकेतील रिकामी जागा भरली गेली असती, आणि झटका आल्यावर त्यांच्याविषयी एक शब्दही बोलण्याची कोणाची छाती झाली नसती. हिशेब विचारणे हा प्रामाणिक माणसाचा अपमान नव्हे. ती त्याची ढाल आहे. विश्वास ठेवणे वेगळे आणि विश्वस्त असणे वेगळे. विश्वास कोणीही घरी बसून ठेवू शकतो. विश्वस्ताला पिशवी उघडावी लागते.

आपल्या पूर्वजांना हे पुरते उमगले होते. दानाचा पैसा दोघांनी मिळून गोळा करावा आणि तिघांनी मिळून वाटावा, हा मिश्नाचा दंडक आहे. मंदिराच्या खजिन्यात शिरणाऱ्याने नाणे लपू शकेल असे वस्त्र घालून जाऊ नये, असेही तेथे सांगितले आहे. तो चोर आहे म्हणून नव्हे; उद्या तो श्रीमंत झाला तर लोकांनी बोट दाखवू नये म्हणून. भरवशाच्या गब्बाईकडे हिशेब मागू नये, असाही एक जुना नियम आहे, आणि काही जण तो पुढे करतात. पण त्याच नियमाला पुढील आचार्यांनी पुस्ती जोडली की, गब्बाईने आपण होऊन हिशेब द्यावा हे चांगले. म्हणजे मागणाऱ्याचा संकोच उरू नये आणि देणाऱ्याचे नाव स्वच्छ राहावे.

आता आपल्यापैकी कोणी अशा मंडळावर जाणार असेल तर त्याने काय करावे? मला अनुभवाने शिकवलेल्या गोष्टी सांगते. पहिल्याच सभेत विचारावे, ही संस्था कशासाठी निघाली आणि ते घटनेत कसे लिहिले आहे? बँकेत सह्या कोणाच्या, आणि त्यांपैकी एक माणूस उद्या आजारी पडला तर काय? मागचा अहवाल कधी गेला? ज्या प्रशिक्षकाला किंवा दुकानदाराला पैसे दिले जातात त्याचे मंडळातील कोणाशी नाते आहे काय? असल्यास ते उघड सांगितले आहे काय, आणि त्या विषयावर तो माणूस मत न देता बाजूला बसतो काय? मुलांबरोबर एकट्याने प्रवास करणाऱ्या मोठ्या माणसांविषयी संस्थेने चौकशी केली आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, आज जो माणूस सारे करतो त्याच्या जागी उद्या कोण? न समजलेल्या कागदावर सही करू नये. "समजले नाही, पुन्हा सांगा" हे वाक्य आम्ही मुलांना शिकवितो; ते मोठ्यांनीही म्हणावे. ज्यांना इब्रीचे कायदेशीर कागद जड जातात त्यांनी आपल्या मुलानातवंडांना शेजारी बसवावे. ती मुले तेथेच कारभार शिकतील.

बारभाईची शेती म्हणून सारेच एकमेकांकडे पाहत बसले तर पीक कोणाच्याच हाती लागत नाही, आणि एकट्यानेच नांगर ओढला तर तो एक दिवस खाली बसतो. चार जणांनी, वर्षातील पाच-सहा संध्याकाळी, डोळे उघडे ठेवून बसावे. एवढेच काम आहे. त्याला पगार नाही, त्याचे छायाचित्र छापत नाहीत आणि सामना जिंकल्यावर कोणी खांद्यावर उचलून घेत नाही.

आमची ती संस्था दुसऱ्या वर्षी पुन्हा उभी राहिली. मैदान आठवड्यातून दोन दिवस परत मिळाले. अंकलचे पैसे त्यांना हप्त्याहप्त्याने दिले. पहिल्या हप्त्यातून त्यांनी मुलांसाठी चेंडू आणविले, आणि ह्या वेळी पावती स्वतःच्या हाताने माझ्याकडे दिली. ती मुलगी मात्र परत आली नाही. तोवर ती मोठी झाली होती आणि दुपारी एका दुकानात काम करू लागली होती. एका मुलाच्या बालपणातील एक वर्ष म्हणजे काय, हे आपल्या मंडळांच्या वहीत कोठेच लिहिले जात नाही. म्हणून मी ते येथे लिहून ठेवीत आहे.

पुढील वार्षिक सभेत अध्यक्ष नावे विचारतील. तेव्हा, वाचकहो, चष्मा शोधू नका. हात वर करा, आणि निवडून आल्यावर निळी पिशवी मागा.